दुखण्याची आणेवारी

नदीच्या वळणावर एक मठ होता. मठात दयागिरबुवा होते, बुवांचा शिष्य हेरंब होता. पैलतीरावर केरबा नावाडी होता आणि केरबाची बायको होती सोजर. या चौघांना एका दुखण्यानं एकत्र आणलं. त्या दुखण्याला पायऱ्या होत्या. कोण कुठल्या पायरीवर उभं आहे, ते ओळखायचं होतं. ऐका त्याची गोष्ट.

“किती आणे?”

हेरंबनं विचारलं.

सोजर ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. गुडघे पोटाशी, कपाळ गुडघ्यांवर. तिला मान वर करता येईना.

“किती आणे दुखतंय, सांग. सोळा आणे म्हणजे पुरं. सोळातलं किती?”

“पुरं...” ती म्हणाली. “आन वर आनखी थोडं.”

ही पहिल्या वेळची गोष्ट. तेव्हा तिचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. मनगटावर हिरवा चुडा असा घट्ट बसला होता की बांगडी हलायची नाही.

सोबत सासू होती, बायजा. तोंडानं तिखट.

“सोळा आणे म्हन, नाहीतर अठरा म्हन,” बायजा म्हणाली. “भांडी घासायची वेळ झाली की हिचं पोट दुखतं. डागतर, ह्याला काय औषध हाय का?”

हेरंबनं सोजरच्या मनगटाला लाल दोरा बांधला.

आता दोऱ्यांचं सांगायला हवं.

दयागिरबुवा भगवं घालण्याआधी मोठे डॉक्टर होते. शहराच्या इस्पितळात पोटाच्या दुखण्यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मग एक दिवस सगळं सोडून इथं आले. का आले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मठात दर गुरुवारी दवाखाना भरायचा. लांबलांबचे लोक यायचे, औषध घ्यायचे, भाकरी-पिठलं खाऊन जायचे. मठाची चूल तेव्हा माझ्या हाती होती, म्हणून हे सगळं डोळ्यांसमोरचं आहे.

हेरंब डॉक्टरी शिकून आला तेव्हा छातीवर सोन्याचं पदक असल्यासारखा चालायचा. पदक खरंच मिळालं होतं म्हणे. बुवांच्या पाया पडला तोही जरा ताठ कण्यानंच.

गर्दी बघून त्यानं युक्ती काढली. थोडं दुखणं, पांढरा दोरा. मधलं, पिवळा. भारी, लाल. लाल दोऱ्यावाल्याला संध्याकाळच्या जीपमध्ये जागा. जीप आठवड्यातून एकदा शहराच्या इस्पितळात जायची. पांढऱ्याला पुडी देऊन घरी.

आणि दोरा कुठला, ते ठरायचं एका प्रश्नावर. किती आणे?

लोकांना ते फार आवडलं. एक म्हातारा हसून म्हणालाही, “सायेब, सरकारबी अशीच आणेवारी लावतं. बांधावर उभं राहून बघतं. शेत आतून वाळलेलं असतंय, कागदावर बारा आणे पीक.”

सगळे हसले. हेरंबही हसला.

बुवा हसले नाहीत.

सोजर त्या दिवशी जीपनं शहरात गेली. तिथं पहिला प्रश्न विचारला, “दारू पिते का?”

बायजा उसळली. “आमच्या घरात देव्हारा हाय! हिच्या बापाच्या घरातबी हाय! चहा सोडून दुसरं काही ठाऊक न्हाई पोरीला!”

मग फोटो काढला, यंत्रातून पोट बघितलं. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून एक पिंड आडवं पडलेलं असतं. स्वादुपिंड म्हणतात. खाल्लेलं पचवायचा रस तेच करतं, अंगातली साखरही तेच सांभाळतं. सोजरच्या त्या पिंडात खडे होते. दारूशिवायही होतं म्हणाले. लहानपणापासूनच आत काहीतरी धुमसत होतं.

नळीतून काही खडे काढले. गोळ्या दिल्या. येत राहा म्हणाले.

ती परत आली तेव्हा बुवांनी हेरंबला जवळ बसवलं.

“या दुखण्याच्या पायऱ्या सांग.”

“पहिली पायरी, बुवा. दुखतं, पण आत फारसं बिघडलेलं नाही.”

“हं.”

“दुसरी. दुखतं, आणि आत खडे, रसाची वाट बुजलेली, पिंड कडक होत चाललेलं.”

“हं. तिसरी?”

हेरंबला पुढचं सांगायची गरज वाटली नाही. जिना चढतो तसं दुखणं चढणार, त्यात काय सांगायचं?

“तिसरी म्हणजे सोळा आणे,” तो म्हणाला.



“पुस्तकात काय आहे?” बुवांनी विचारलं.

“पुस्तकात पुष्कळ आहे. फोटोत काय दिसतं ते बघा, पचतं किती ते बघा, साखर बघा, वजन बघा. मग सगळं जुळवून पायरी ठरवा. इथं एवढं कुठं जमणार? आणि शेवटी बुवा, दुखणं म्हणजे दुखणंच ना?”

बुवा उठून नदीकडे गेले.

पुढं वर्षं गेली. सोजरला पोर झाली, मैना. सोजरचं पोट दुखायचं, थांबायचं, पुन्हा दुखायचं. पाण्यातून होडी ऐलतीराला लागायची आणि केरबा तिला पाठीवर घेऊन घाट चढायचा. कधी लाल दोरा, कधी पिवळा.

मग बुवांच्या डोळ्यांत पडदा आला. शस्त्रक्रियेसाठी त्यांना शहरात जावं लागलं. एक डोळा सुधारला नाहीच, दुसऱ्यानं थोडं उजेड-सावली कळायचं. ते परत यायला बरेच महिने गेले. तेवढे दिवस दवाखाना एकट्या हेरंबनं सांभाळला.

परत आल्यावर पहिलाच गुरुवार. बुवा काळा चष्मा लावून ओसरीवर पाटावर बसलेले. मी चुलीपुढं.

घाटावरून केरबाची हाक आली. हाकेत आनंद होता.

“बुवा! बुवा वो! गूळ आणलाय!”

तो पुढं, हातात गुळाची ढेप. मागं बायजा, तिच्या कडेवर मैना. आणि सगळ्यांच्या मागं सोजर, चालत. पाठीवर नाही, चालत.

“पोट दुखायचं थांबलं तिचं!” केरबा म्हणाला. “तीन म्हैने झाले, एकदाबी दुखलं न्हाई.”

हेरंब खुर्चीतून उठला. चेहरा असा उजळला होता त्याचा...

“सोजर, किती आणे?”

“काहीच न्हाई,” सोजर हसून म्हणाली. “अर्धा आणाबी न्हाई.”

“बघा बुवा! तुम्ही गेलात तेव्हा बारा आण्यांवर होती. मी आठ केलं, मग चार. गेल्या दोन्ही वेळेला पांढरा दोरा बांधून घरी पाठवली. आज तर दोऱ्याचीही गरज नाही. पण बांधतो, शकुनाचा म्हणून.”

त्यानं पांढरा दोरा काढून तिच्या मनगटाला बांधला. गाठ मारली. मनगट बारीक, दोरा पुष्कळ उरला.

बायजाच्या तोंडावरही समाधान होतं. “आता वाळवणाला हात लागंल. इतकी वर्सं निस्ती पडून व्हती बया.”



“पाणी मिळंल का?” सोजरनं मला विचारलं.

मी तांब्या भरून दिला. तिनं तो वर उचलला आणि तोंडाला लावला.

बुवांनी मान वळवली.

बांगड्यांचा आवाज झाला. आवाज मनगटावरून निघाला, कोपरापाशी आला, कोपर ओलांडून वर गेला... दंडापर्यंत.

सोजरनं तांब्या रिकामा केला.

“आनखी देता?”

मी दुसरा दिला. तोही रिकामा झाला.

“पोरी,” बुवा म्हणाले, “भूक लागते?”

“लई लागती. पयल्यांदा खायची भीती वाटायची. आता सगळं खाती.”

“अंगी लागतं?”

सोजरनं पदर दंडावर ओढून घेतला.

“म्यां सांगती,” बायजा म्हणाली. “चार मान्सांचं खाती आन सुतळीसारखी झालीय. कुठं जातंय कुणास ठाव.”

“परसाकडे गेली की...” बुवांनी आवाज खाली आणला. “पाण्यावर तेल तरंगतं?”

सोजरनं पदर तोंडाशी धरला. लाजून मान फिरवली.

बायजानंच सांगितलं, आता आवाज जरा उतरलेला. “व्हय. टमरेल धुतलं तरी चिकट ऱ्हातंय. तुपाच्या भांड्यावाणी.”

“आणि मोरीत?”

“मोरीत मुंग्या लागत्यात. म्यां हळद टाकती रोज.”

हेरंबची मान हळूहळू खाली जात होती, पण पुरती गेली नव्हती.

“ते आहे बुवा,” तो म्हणाला. “मला दिसलं होतं. अशक्तपणा आहे. टॉनिक दिलंय. पण मुख्य तक्रार गेली ना? आधी ती किंचाळायची. आता हसतेय. दुखत नाही म्हणजे बरं होतंय. याला दुसरा अर्थ काय असणार?”

बुवा उठले. हात पुढं केला. हेरंबनं धरला.

“चूल कुठं आहे?”

हेरंबनं त्यांना माझ्यापाशी आणलं. चुलीवर तवा तापलेला, भाकरी पडलेली, खाली जाळ.

बुवांनी हेरंबचा हात धरूनच तो चुलीच्या कडेला लावला.

“आई...!” हेरंबनं हात मागं ओढला.

“काय झालं?”

“चटका बसला, बुवा.”

“किती आणे?”

“बारा आणे,” हेरंब बोटं फुंकत म्हणाला.

“चल.”

मागच्या अंगणात आणखी एक चूल होती. भंडाऱ्याच्या वेळची, मोठी. दिवाळीनंतर ती पेटलीच नव्हती. आत राख, राखेत मांजर झोपलेलं. मांजर उठून गेलं.

“हात लाव.”

हेरंबनं लावला.

“किती आणे?”

“...काहीच नाही.”

“बरी झाली म्हणायची.” बुवांनी हात पुढं केला. “पांढरा दोरा दे.”

हेरंबनं खिशातून दोरा काढून दिला. बुवांनी चाचपत चाचपत तो चुलीच्या कानाला बांधला. गाठ मारली. नीट बसली का, ते बोटानं बघितलं.

ओसरीवरचे लोक उठून मागच्या दारात आले होते. सोजरही आली होती, दाराच्या चौकटीला धरून.

“बाई,” बुवा मला म्हणाले, “एक उंडा आणा. तवाही आणा. त्या चुलीवरचा नको, कोनाड्यातला.”

मी पिठाचा उंडा आणला. थंड तवा चुलीवर ठेवला.

“हेरंब. भाकरी टाक.”

“बुवा...”

“टाक. चूल बरी आहे. पाठवणार आहेस ना तिला घरी? मग तिच्यावर भाकरी कर. लोक भुकेले आहेत.”

हेरंब खाली बसला. कधी भाकरी थापली नव्हती त्यानं. वेडीवाकडी थापली, तव्यावर टाकली.

पांढरी भाकरी पांढरीच राहिली.

तो बघत बसला. आम्हीही.

“डागतर,” बायजा म्हणाली, सवयीनं, “उलटा तरी, करपंल ना!”

दोघेतिघे हसले.

मग हसू थांबलं. बायजानं तव्याकडे बघितलं. चुलीकडे बघितलं. मग सुनेच्या हाताकडे, दंडाला अडकलेल्या बांगड्यांकडे...

“अगं बाई,” ती म्हणाली. एवढंच.

हेरंबनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांना पीठ लागलेलं होतं.

“तिसरी पायरी?” बुवांनी विचारलं.

“विझलेली चूल, बुवा,” हेरंब म्हणाला. 

केरबाला काहीच कळेना. गुळाची ढेप अजून त्याच्या हातातच होती. “काय झालं? डागतर, सांगा की. दुखायचं थांबलंय तिचं.”

हेरंब त्याच्यापुढं उभा राहिला. पहिल्यांदाच मी त्याचा कणा वाकलेला बघितला.

“केरबा, ती बरी नाही झालेली. आतलं पिंड विझत आलंय. म्हणून दुखत नाही. खाल्लेलं पचवायला आता रस नाही, म्हणून ते तेलासारखं वाहून जातं. साखर सांभाळायला कुणी नाही, ती लघवीतून जाते, म्हणून तहान, म्हणून मोरीत मुंग्या. मी... मी दोनदा तिला घरी पाठवली. तेव्हाच जीपमध्ये बसवायला हवी होती.”

केरबानं ढेप खाली ठेवली. हळूच ठेवली, जशी कुणाची तरी झोप मोडेल.

“म्हंजे दुखत व्हतं ते बरं व्हतं?” बायजानं बुवांना विचारलं. “मंग आमी देवाला मागितलं काय?”



चौकटीतून सोजरचा आवाज आला.

“मला वाटलं, देवानं ऐकलं.”

 पुढच्या चुलीवर माझी भाकरी करपली, तो वास मागपर्यंत आला, तरी मी उठले नाही.

हेरंब तिच्याजवळ गेला. मनगटावरचा पांढरा दोरा सोडू लागला. गाठ त्यानंच मारलेली, पण सुटेना. दातानं तोडली.

“लाल बांधू, बुवा?”

“दोरे कुठं आहेत?”

हेरंबनं खिशातली सगळी गुंडाळी त्यांच्या हातात दिली. लाल, पिवळे, पांढरे.

बुवा भिंतीला हात लावत लावत पुढं आले. पेटलेल्या चुलीत ती गुंडाळी टाकली.

त्या संध्याकाळी जीपमध्ये सोजर बसली, केरबा बसला, आणि हेरंबही बसला. आजवर तो कधी जीपबरोबर गेला नव्हता.

शहरात साखर मोजली, ती भयंकर निघाली. रोज सुई सुरू झाली. घासाबरोबर गोळ्या सुरू झाल्या, म्हणजे जे पिंड करत नाही ते गोळीनं करावं. होडीतून हेरंब रोज पैलतीराला जायचा. सुई कशी टोचायची ते त्यानं बायजाला शिकवलं. 

“भांडी घासायला लावून सुनंचा जीव काढला म्यां, आन आता सुई टोचून काढती,” ती म्हणायची.

सोजर हसायची. “टोचा की आत्याबाई. तुमच्या बोलण्यापरीस बारीक हाय.”

बांगड्या दंडावरून कोपरापर्यंत उतरल्या. तिथून आणखी थोड्या खाली आल्या. मनगटापर्यंत मात्र आल्या नाहीत.

दोन पावसाळे ती राहिली. मग थंडीत खोकला लागला, छातीत उतरला. अंगात झगडायला काही उरलं नव्हतं.

शेवटी शेवटी हेरंब तिच्या उशाशी बसलेला असायचा. एकदा त्यानं म्हटलं, “सोजर, माझं चुकलं.”

ती डोळे मिटूनच होती. मैना तिच्या पायाशी भांडीकुंडी मांडून खेळत होती. बोळक्यांतल्या चुलीवर खोटी भाकरी भाजत होती.

“डागतर,” सोजर म्हणाली. “हिचं कधी पोट दुखलं... तर आणे नका विचारू.”

“नाही विचारणार.”

“तिला आणे कळत न्हाईत अजून.”

तेवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

होडीतूनच तिला ऐलतीराला आणली. घाटावर मठाच्या खालच्या बाजूला... तिथं चिंच आहे. बांगड्या बायजानं मैनेसाठी काढून घेतल्या. काढायला काही जोर लागला नाही, आपोआप घरंगळल्या.

मठात त्या दिवशी चूल पेटली नाही. बुवांनी सांगितलं नव्हतं. मीच पेटवली नाही.

हेरंबनं नंतर दवाखान्याची रीत बदलली. रांग हळू झाली, लोक कुरकुरले. तो प्रत्येकाला विचारायचा, काय खाता, अंगी लागतं का, तहान किती लागते. पुरुषांच्या कंबरेची करदोटी सैल झाली का बघायचा, बायकांना हात वर करायला सांगायचा. पोटाचा फोटो काढून आणला तर फोटो बघायचा, मग माणसाकडे बघायचा, मग पुन्हा फोटोकडे.

“एवढं बघून काय कळतंय तुमास्नी?” तोच म्हातारा एकदा म्हणाला.

“बांधावरून उतरून शेतात आलोय, बाबा,” हेरंब म्हणाला.

 म्हाताऱ्यानं स्वतःहून सदरा वर केला.

मैना सहाएक वर्षांची असेल तेव्हा. बायजा तिला घेऊन मठात आली होती, सहजच, मला लोणच्याची बरणी द्यायला. मैना अंगणात लंगडी खेळत होती. खेळता खेळता थांबली. रडली नाही, ओरडली नाही. खांबापाशी जाऊन बसली. गुडघे पोटाशी घेतले. कपाळ गुडघ्यांवर टेकलं.

त्याच खांबापाशी.

बायजाच्या हातून बरणी पडली.

ओसरी भरलेली होती. हेरंब एका माणसाची नाडी बघत होता. त्यानं तो हात तसाच सोडला, अंगणात उतरला, आणि काही एक न विचारता पोरीला उचलून घेतलं.

“दुखत नाही फार,” मैना त्याच्या खांद्यावर म्हणाली. तिला वाटलं तो रागावलाय. “थोडंच दुखतंय.”

“थोडंच?” हेरंब म्हणाला, आणि धावत सुटला. त्या दिवशी गुरुवार नव्हता, जीप नव्हती. वाळूच्या ट्रकमध्ये बसून गेला तो.

शहरात तपासलं. डॉक्टर म्हणाले, अगदी पहिली पायरी आहे. पिंड शाबूत आहे. एकच बारीक खडा आहे, पण रसाची वाट मोकळी आहे. आईला होतं म्हणून इतक्या लवकर आणलंत, नाहीतर कुणी आणत नाही.

हेरंब इस्पितळाच्या जिन्यात बसून रडला. मागून पोचलेल्या केरबानं मला सांगितलं ते.

खडा काढला. जेवणाबरोबर गोळी, वेळच्या वेळी तपासणी, साखरेवर नजर. वर्षं गेली. मैनेचं पोट कधीमधी दुखायचं. दुखलं की बायजा देवापुढं दिवा लावायची. पूर्वी थांबावं म्हणून लावायची. आता कशासाठी लावायची, ते तिलाच ठाऊक.

आणि एका उन्हाळ्यात मठाच्या अंगणात मांडव पडला.

केरबा म्हणाला होता, “लग्न इथंच. तिची आई इथं खाली झोपलीय. तिला दुसऱ्या गावाला कसं बोलवायचं?”

मैना नवरी झाली. रंग आईचा, नाक बायजाचं, आणि अंग भरलेलं, गोल. कासारीण चुडा भरायला आली होती. ओसरीवर सतरंजी, टोपलीत हिरव्या बांगड्या. बायजा आता पार वाकलेली, पण शेजारी ठाण मांडून. हेरंबच्या डोक्यावरचे केस पांढरे झालेले. बुवा पाटावर, काळा चष्मा कधीच काढून ठेवलेला. आता उजेडही कळत नव्हता त्यांना.

“हात सैल सोड गं,” कासारीण म्हणाली.

“सोडलाय की.”

“अजून सोड. कसला भरलेला हात हाय बाई! ह्या मापाच्या जात न्हाईत.”

“ह्याच मापाच्या घाला,” बायजा म्हणाली. “तिच्या आईचं माप हाय ते. लग्नातलं.”

कासारणीनं पंजा दाबला. अंगठा आत दुमडला. बांगडी हाडापाशी अडकली, रुतली, लाल वळ उठला...

“आई गं!” मैना ओरडली. “दुखतंय! लई दुखतंय!”

बांगडी मनगटावर बसली. घट्ट. हलेना.

 खाली नदीचा आवाज येत होता, चिंचेतून वारा येत होता. बायजानं पदर डोळ्यांना लावला.

बुवांनी मान वळवली होती. कान त्या आवाजाकडे. मिटल्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं, आणि ओठ हसत होते.

त्यांनी हात पुढं केला. हेरंबनं धरला.

“हेरंब,” बुवा म्हणाले. “विचार रे तिला... किती आणे?”